वाटी बुडेपर्यंत

आबाजीचं घड्याळ पाण्यावर तरंगायचं.
तांब्याची वाटी, बुडाला सुईएवढं भोक,
खाली पाण्यानं भरलेला जर्मनचा गंज.
वाटी भरून टुबुक् बुडाली
की एकाची बारी संपली.
मग तो पाळीवरून हाक द्यायचा,
"झिबल गाऽ, बांध तुजा पाट!"
आणि पोटऱ्यांपर्यंत चिखलातला झिबल
कुरकुरत फावडं उचलायचा.

पळसटोल्याचा तलाव कोणी खोदला, विचारलं
तर "आपल्याच लोकायनं" एवढंच म्हणायचा,
आणि तुडुमाच्या दगडावर बसून
खालून जाणारं पाणी कानानं चाखत राहायचा.

तो पाणकर. त्याचा बापही.
मोबदला म्हणजे सुगीला बांधीमागे सूपभर धान.
आमच्या दोन बांध्या सगळ्यांच्या शेवटी,
गावाचं भिजून उरलं तर.
फुलवंता आजी यावर रोज बोलायची,
चुलीकडे तोंड करून, पण अंगणात ऐकू जाईल असं,
"गावाले पानी वाटते, अन् घरचा धान वारते."
आबाजी शिंगाडा सोलून
माझ्या तळव्यावर ठेवायचा.

हस्त कोरडा गेला ते साल.
मी आठेक वर्षांची,
डब्यात भात आणि लाखोरीचं वरण घेऊन पाळीवर गेले
तर रायवंताबाईची बारी सुरू होती.
तिचा नवरा मोहाच्या झाडावरून पडून गेलेला,
तिला एकच बांधी, तीही उंचवट्यावर.
आबाजीनं अंगठ्याच्या नखाखालून
मेणाचा कण काढला
आणि वाटीच्या भोकाला हलकेच पुसला.
वाटी बुडेचना.
रांगेतले लोक बिडी संपवून दुसरी पेटवू लागले,
तरी वाटी आपली तरंगतेय.
मी बघत होते. तो म्हणाला,
"का पायतेस, बाई? वाटी बी आता बुडी झाली.
दमादमानं बुडते."

त्या रात्री मी आजीला सांगून टाकलं.
वाटलं होतं, ती चूल डोक्यावर घेईल.
ती अंबाडी निवडत राहिली.
मग म्हणाली,
"मेन कोनं देल्लं वाटते तुले?"

आबाजी गेल्यावर वाटण्या झाल्या.
बांध्या, बैलजोडी, मोहाची तीन झाडं,
कणगीसुद्धा कोणाची यावरून दोन दिवस अबोला.
काकूनं वाटी भंगारात घातली
आणि भंगारवाल्यानं परत केली, फुटकी आहे म्हणून.
आजीनं ती माझ्या दप्तरात टाकली.
पोरीला काहीतरी द्यावं म्हणून नाही.
"तुले मोजता येते," म्हणाली.

आता मी साकोलीच्या दवाखान्यात रात्रपाळीला
सलाईनचे थेंब मोजते.
आजी आली तेव्हा
तिचे हात सुकलेल्या कमळदेठांसारखे झाले होते,
शीर सापडेना.
मध्यरात्री डोळे न उघडताच तिनं विचारलं,
"कोनाची बारी चालू आहे?"
तुझी, म्हटलं.
"आपली त शेवटची असते ना?"
सगळ्यांचं झालं आजी.
सगळं गाव भिजलं.

धाकटा काका पुण्याहून निघाला होता,
गाडी पहाटे येणार.
मी नळीचं चाक किंचित आवळलं.
असं करायचं नसतं, हे मला शिकवलेलं आहे.
त्यानं काही थांबत नाही, हेही.
बाटली उजाडेपर्यंत पुरली.
आजी चारलाच गेली.

वाटी आता माझ्या क्वार्टरच्या मोरीत असते.
मुलगा ती बादलीत सोडतो,
बुडेपर्यंत श्वास रोखून धरायचा असा त्याचा खेळ.
परवा म्हणाला, आई,
हिच्या भोकाला काहीतरी काळं चिकटलंय,
पिन घालून काढू?
राहू दे, म्हटलं.
तो पुन्हा गाल फुगवून बसला.